‘सकाळी बघू’ म्हणण्याआधी

जून २०२४ मध्ये रतन टाटा यांनी मुंबईकरांना एक जाहीर विनंती केली होती. महालक्ष्मी येथे तेव्हा नुकत्याच सुरू होत असलेल्या टाटा ट्रस्ट्सच्या प्राणी रुग्णालयात सात महिन्यांचे एक कुत्रे दाखल होते. गोचिडांमुळे होणारा ताप असावा असा डॉक्टरांचा संशय होता, अंगातले रक्त जिवावर बेतण्याइतके कमी झाले होते आणि त्याला रक्तदाता कुत्रा हवा होता. दाता एक ते आठ वर्षांचा, सुमारे २५ किलो किंवा त्याहून अधिक वजनाचा, लसीकरण पूर्ण झालेला आणि गेल्या सहा महिन्यांत गोचीड-पिसवांचा उपद्रव नसलेला असावा, अशा अटी त्या विनंतीत होत्या. दाते मिळाले. वृत्तपत्रांनी ही बातमी टाटांच्या भूतदयेची म्हणून छापली आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला टाटा गेले तेव्हा तिची पुन्हा उजळणी झाली.

त्या बातमीत दडलेल्या दुसऱ्या बातमीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. त्या पिल्लाच्या घरी नेमके काय घडले हा आपला विषय नव्हे. पण गोचीड-ताप हा सहसा आकाशातून वीज पडावी तसा पडणारा आजार नाही. गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरणाऱ्या जंतूंपैकी बॅबेशिया तांबड्या पेशी फोडतो, एर्लिकिया रक्त गोठवणाऱ्या बिंबिका कमी करतो, आणि हे बहुधा काही दिवस चाललेले असते. कुत्रे जेवणाला तोंड लावत नाही, नेहमीप्रमाणे दाराशी धावत येत नाही, जिना चढताना मध्येच बसते. मग हिरड्यांचा गुलाबी रंग उडतो, डोळ्यांत पिवळेपणा दिसतो, लघवी कोऱ्या कॉफीसारखी होते, एखादे वेळी नाकातून रक्त येते. या प्रत्येक पायरीवर घरातले कुणी तरी म्हणत असते, ‘उन्हाने मलूल झालाय, सकाळी बघू.’ शेवटच्या पायरीवर रक्त द्यावे लागते. पहिल्या पायरीवर रक्ताची एक तपासणी आणि औषधे बहुधा पुरतात.

घरातल्या प्राण्याचे दुखणे केव्हा थांबू शकते आणि केव्हा मुळीच थांबू शकत नाही, हे ओळखण्याचा प्रश्न म्हणूनच केवळ श्वानप्रेमींच्या हौसेचा उरलेला नाही. महाराष्ट्राच्या शहरांत आणि आता तालुक्यांच्या गावांतही सदनिकांमधून कुत्री-मांजरे पाळणाऱ्यांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली आहे. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे धावणारा पग आला आणि चपट्या नाकाचे हे कुत्रे मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात जाऊन बसले. २०२० च्या टाळेबंदीत एकटेपणाला उतारा म्हणून अनेक घरांत पहिल्यांदाच प्राणी आला. आपली सार्वजनिक चर्चा मात्र रस्त्यावरच्या कुत्र्यांभोवतीच फिरते. दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश आणि २२ ऑगस्टला त्यात झालेला बदल यांवर देशभर वाद झडला, आणि तो व्हायलाच हवा होता. परंतु त्या गदारोळात, ज्या कुत्र्याला मालक आहे, पट्टा आहे आणि लसीकरणाचे पुस्तकही आहे, ते रात्री साडेअकराला फुगलेले पोट घेऊन तळमळू लागले तर त्याने कुठे जायचे, हे कुणी विचारले नाही.

आधी उशीर का होतो ते पाहू. पहिले कारण प्राण्याच्या स्वभावातच आहे. मांजर दुखणे दाखवत नाही, लपवते. रानात अशक्त दिसणे म्हणजे कुणाचे तरी भक्ष्य होणे, ही त्याची हजारो पिढ्यांची शिकवण. तेव्हा सोफ्याखाली जाऊन गप्प बसलेले मांजर ‘रुसलेले’ नसते, ते बहुधा आजारी असते. दुसरे कारण आपल्या घरगुती ज्ञानात आहे आणि ते ज्ञान अर्धे खरे असल्यामुळे अधिक घातक ठरते. कुत्रे गवत खाऊन एकदा उलटी काढते आणि पुन्हा खेळायला लागते, हे आपण सर्वांनी पाहिलेले असते. त्यामुळे दिवसभरात सहा वेळा झालेली उलटीही त्याच खात्यात जमा होते. तिसरे कारण घरच्या औषधांचा डबा. पोराला ताप आला की गोळीचा अर्धा तुकडा द्यायचा, या सवयीने मांजरालाही पॅरासिटामॉलचा तुकडा दिला जातो. माणसाला जी गोळी निरुपद्रवी, ती मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजते आणि वेळीच उतारा मिळाला नाही तर मांजर मरते. कुत्र्याला दिलेल्या आयब्युप्रोफेनचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. आणि चौथे कारण, ज्याचा उच्चार करायला मंडळी लाजतात, ते म्हणजे पैसा. त्याकडे पुढे येऊ.

आता प्रत्यक्ष लक्षणांकडे. डॉक्टरी पुस्तकांत ती शेकड्याने सापडतील, पण ज्यांच्यात तासांचा हिशेब असतो अशी थोडी आहेत आणि त्यांपैकी दोन-तीन आपल्याकडे सर्रास चुकीची वाचली जातात.

सर्वांत मोठी फसगत होते ती बोक्याच्या बाबतीत. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन:पुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, खालचा भाग चाटत राहतो. घरातले निदान करतात, बद्धकोष्ठ झाले. कुणी एरंडेल सुचवते, कुणी दूध पाजते. वास्तविक त्याची लघवी तुंबलेली असते. नराचा मूत्रमार्ग अरुंद. त्यात बारीक खडे किंवा चिकट गुठळी अडकली की मूत्राशय फुगत जाते, मूत्रपिंडे थकतात, रक्तातले पोटॅशियम चढते आणि ते हृदय बंद पाडते. पूर्ण अडथळा असेल तर एक-दोन दिवसांत खेळ संपतो. वेळेत नेले तर बेशुद्ध करून नळी घालून मार्ग मोकळा करता येतो. तेव्हा बोका कुंथताना दिसला आणि ट्रेमधली माती कोरडी दिसली, तर शनिवार रात्र आहे की रविवार पहाट, हा विचार करायचा नाही.

दुसरी फसगत मोठ्या कुत्र्यांची. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड किंवा डोबरमन अशा खोल छातीच्या जातींत जठर वायूने फुगते आणि स्वत:भोवती पिळवटते. कुत्रे अस्वस्थपणे येरझाऱ्या घालते, ओकारीसाठी मान पुढे काढते, पण फेसाखेरीज काही बाहेर पडत नाही. पोट ढोलासारखे ताणते. ‘गॅस झालाय’ हे घरातल्यांचे निदान येथे शब्दश: बरोबर असते, पण त्यावर सोडा पाजणे म्हणजे आगीत तेल ओतणे. रक्तपुरवठा बंद पडलेल्या जठराला शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही, आणि ती काही तासांत व्हावी लागते. उलटी येणे आणि उलटीचा प्रयत्न होऊनही न येणे, यांतला फरक ज्याला कळला त्याने कुत्र्याचा जीव अर्धा वाचवला असे समजावे.

तिसरी फसगत मादीची. नसबंदी न झालेल्या मध्यमवयीन कुत्रीचा माज संपून महिना-दोन महिने झाले की ती एकाएकी खूप पाणी पिऊ लागते, सुस्त होते, जेवण सोडते. उन्हाळा आहे, पाणी पिणारच, असे म्हणून सोडून दिले जाते. गर्भाशयात पू साठलेला असतो. तो बाहेर येत असला तर निदान दिसतो तरी. तोंड बंद असलेल्या गर्भाशयात तो आतच राहतो आणि विष अंगभर पसरते. घरात कुत्री असलेल्याने माजाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, ही साधी सूचना कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा मोलाची आहे.

पगचा उल्लेख वर आला. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, किंवा मुंबईच्या दमट ऑक्टोबरात, चपट्या नाकाच्या कुत्र्याला दुपारी फिरायला नेणे हा जिवाशी खेळ आहे. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकून तो उष्णता बाहेर फेकतो आणि पगची ती यंत्रणाच माणसाने पैदाशीत बिघडवून ठेवलेली. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या वर गेले आणि धापांबरोबर तोल जाऊ लागला, जीभ गडद लाल पडली, लाळ चिकट झाली, की तो उष्माघात. येथे मात्र ‘आधी दवाखाना’ हा नियम उलटा आहे. आधी साधे गार पाणी अंगावर ओतत राहायचे, पंख्याखाली धरायचे आणि मग गाडीत घालायचे, गाडीतही वारा लागू द्यायचा. ओला टॉवेल नुसता गुंडाळून ठेवला तर तो उष्णता अडवतो. तीच गत बंद मोटारीची. काच बोटभर खाली ठेवून ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणणाऱ्याला पाच मिनिटांत काय होते ते ठाऊक नसते.

बाकीची लक्षणे थोडक्यात सांगता येतील, कारण ती पाहून बहुतेकांच्या पोटात गोळा येतोच. पाच मिनिटांहून अधिक चाललेली किंवा एका दिवसात पुन:पुन्हा आलेली फीट. तोंड उघडे टाकून श्वास घेणारे मांजर. मागचे पाय एकाएकी लुळे पडणे. वाहनाची धडक, मग वरून जखम दिसो वा न दिसो. लसीकरण न झालेल्या पिल्लाला रक्तमिश्रित जुलाब, म्हणजे बहुधा पार्व्हो. विणाऱ्या कुत्रीला अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर न येणे. शंका असली तर ओठ वर करून हिरडी पाहावी. ती गुलाबी हवी आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. पांढरी, निळसर किंवा विटेसारखी लाल हिरडी दिसली तर पुढची चर्चा रिक्षात करावी. अर्थात निरोगी असताना हिरडी कशी दिसते हे आधी पाहिलेले असेल तरच ही परीक्षा उपयोगी. काळ्या हिरडीच्या कुत्र्यात खालच्या पापणीच्या आतला भाग पाहतात.

विषबाधेचे प्रकरण आपल्या स्वयंपाकघराशी जोडलेले आहे म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. चॉकलेट वाईट, हे आता बहुतेकांना कळले आहे. पण शिऱ्यातले मनुके कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पाडू शकतात आणि कांदा-लसणाचा रस्सा नित्य घातला तर तांबड्या पेशी फुटतात, हे ऐकून घराघरांतील आजी अजूनही हसतात. उंदराच्या औषधाचा एक प्रकार असा असतो की खाल्ल्यावर दोन-तीन दिवस कुत्रे ठणठणीत दिसते आणि नंतर आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. ‘खाल्लं पण काही झालं नाही’ हे वाक्य येथे फार महागात पडते, कारण त्या मधल्या दिवसांतच के जीवनसत्त्वाचे औषध सर्वांत चांगले काम करते. पाकीट, डबा, उरलेला तुकडा, जे हाती लागेल ते बरोबर न्यावे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय मुळीच करू नये. रॉकेल किंवा आम्लासारखे काही पोटात गेले असेल तर ते वर येताना दुसऱ्यांदा भाजते.

खेड्यापाड्यांत आणि वस्तीच्या कडेला आता सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत तेथे, पावसाळ्यात दुसरी भीती सापाची. कुत्रे हुंगायला पुढे होते, त्यामुळे दंश तोंडावर किंवा पुढच्या पायावर. घोणस चावली तर सूज आणि रक्तस्राव, नाग-मण्यार असेल तर अंग ढिले पडत जाणे. माणसासाठी वापरतात तेच, घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवलेले आणि मुंबईच्या हाफकिनने अनेक दशके तयार केलेले प्रतिविष कुत्र्यालाही लागू पडते. आवळपट्टी बांधणे, चिरा पाडणे, मांत्रिकाकडे नेणे यांत जी वेळ जाते ती प्रतिविषाची असते.

एक अपवाद मात्र नीट ध्यानात घ्यावा. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, असे दिसले की ‘घशात हाड अडकले’ म्हणून प्रेमाने हात आत घालणारी माणसे आहेत. रेबीजच्या लकवा मारणाऱ्या प्रकारात कुत्रे नेमके असेच दिसते. अशा वेळी तातडी प्राण्याची कमी आणि माणसाची अधिक असते. हात घालायचा नाही, प्राणी एका खोलीत बंद करायचा, डॉक्टरांना तेथे बोलवायचे. लाळ जखमेला लागली असेल तर साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन माणसाने त्याच दिवशी लशीसाठी जायचे.

हे सगळे ओळखले, तरी जायचे कुठे? महाराष्ट्राची पशुवैद्यकीय व्यवस्था गाय-म्हैस-बैल-शेळीसाठी उभी राहिली, आणि शेतकऱ्याच्या राज्यात ते योग्यच होते. जिल्हा परिषदांचे आणि राज्याचे दवाखाने श्रेणी एक आणि श्रेणी दोन अशा विभागणीत चालतात. श्रेणी दोनमध्ये बहुतांश भार पशुधन पर्यवेक्षकांवर असतो आणि त्यांनी किती उपचार करायचे यावरून १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या आधारे वर्षानुवर्षे वाद चालू आहे. १९६२ या क्रमांकावर फिरते पथक बोलावण्याची केंद्राची योजना आहे. साधारण एक लाख पशुधनामागे एक वाहन असे तिचे प्रमाण. वाहन गोठ्यापर्यंत जावे हा तिचा हेतू. चौथ्या मजल्यावरच्या बोक्याची त्यात गणती नाही आणि त्याबद्दल तक्रार करणेही रास्त नव्हे.

शहरांत खासगी दवाखाने आहेत, पण त्यांतील पुष्कळसे एका डॉक्टरचे. दिवसभर चाळीस रुग्ण पाहणाऱ्याने रात्री दोनलाही फोन उचलावा, शिवाय त्या दवाखान्यात क्ष-किरण, प्राणवायू आणि भूल देणारा माणूस हजर असावा, ही अपेक्षा हास्यास्पद आहे. फोन न उचलणाऱ्या डॉक्टरला दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमांवर खुनी ठरवणारी मंडळी स्वत: कुठल्या व्यवसायात रात्रपाळी न घेता राहतात, हेही विचारायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांच्या व्यावसायिक संहितेतच चोवीस तास प्रथमोपचार आणि वेदनाशमनाची सोय करण्याचे बंधन आहे. ते पाळता येते, कारण तेथे अनेक दवाखाने मिळून एका रात्र-रुग्णालयाकडे रुग्ण वळवतात. आपल्याकडे कुठल्याही मध्यम शहरातल्या दहा डॉक्टरांनी आळीपाळीने रात्र वाटून घेतली आणि त्या रात्रीचा क्रमांक दहाही दवाखान्यांच्या दारावर लावला, तर त्यासाठी ना कायदा लागतो ना अनुदान. लागतो तो एकमेकांचे गिऱ्हाईक पळणार नाही एवढा विश्वास.

सरकारला करता येण्यासारखेही थोडे आहे. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला येथे पशुवैद्यकीय शिक्षणसंस्था आहेत. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय तर १८८६ चे आणि त्याच आवारातील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय त्याच काळातले. एका पारशी कुटुंबाच्या दानातून एकोणिसाव्या शतकात जे उभे राहू शकले, त्याच्या तोडीचे दुसरे मोठे काम मुंबईत व्हायला टाटांचे २०२४ मधील रुग्णालय यावे लागले, म्हणजे पुन्हा दानच. विद्यार्थ्यांना आकस्मिक उपचार शिकवायचे असतील तर ते रात्रीच शिकवता येतात. या प्रत्येक संस्थेत दिवस-रात्र चालणारा, वाजवी शुल्काचा आकस्मिक विभाग आणि दाता कुत्र्यांची नोंदवही असणे हा शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे. पहिल्या रक्तदानात कुत्र्यांना सहसा त्रास होत नाही. मांजरांच्या बाबतीत मात्र रक्तगट जुळवणे अनिवार्य असते. म्हणजे नोंदवही नसली तर मांजर हमखास मागे राहणार.

आता पैसा. जठर पिळवटलेल्या कुत्र्याची शस्त्रक्रिया, रक्त, दोन दिवसांचा अतिदक्षता विभाग यांचा खर्च पुष्कळ कुटुंबांच्या महिन्याच्या पगारापलीकडे जातो. प्राण्यांचा विमा आहे, पण घेणारे विरळा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याचे क्षेम पाहण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आणि क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड ठेवला. त्या दंडाने कुणी दवाखान्यात जात नाही आणि ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याला नैतिकतेचे पाठ देऊनही उपयोग नाही. उपयोग होतो तो आधी बोलण्याने. प्राणी आजारी नसतानाच आपल्या नेहमीच्या डॉक्टरना विचारावे: रात्री तुम्ही नसलात तर कुठे नेऊ, अंदाजे किती लागतील, हप्ते चालतील का, आणि उपचार हाताबाहेरचे असले तर वेदनारहित मरण देण्याची सोय कोण करते. हा शेवटचा प्रश्न विचारताना अनेकांचा आवाज अडखळतो. परंतु पैसे नाहीत म्हणून बोक्याला लघवी तुंबलेल्या अवस्थेत दोन दिवस घरी ठेवणे आणि डॉक्टरांच्या हातून त्याला शांतपणे जाऊ देणे, यांत क्रूर काय आहे याचा निकाल अवघड नाही. शिवाय अनेकदा असे होते की रक्कम ऐकल्यावर ती कल्पनेपेक्षा कमी निघते. मूत्रमार्ग मोकळा करणे ही काही हृदयशस्त्रक्रिया नव्हे.

फोन लागला तर डॉक्टर बहुधा पाचच गोष्टी विचारतात: वय आणि वजन, नर की मादी, नसबंदी झाली का, शेवटची लघवी केव्हा, आणि हिरडीचा रंग काय. जखमी कुत्रे उचलताना तोंडाला मऊ पट्टी बांधावी, कारण दुखावलेले कुत्रे धन्यालाही चावते. ओकणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याला मात्र ती बांधू नये. फळी नसेल तर चादरीची झोळी चालते. रिक्षावाला नाही म्हणाला तर पुढचा शोधण्याऐवजी सोसायटीतल्या मोटारवाल्याची बेल वाजवावी, रात्रीचे कितीही वाजले असले तरी.